लिलावाची किंमत आणि मालाची किंमत

मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ साली सोन्याच्या दागिन्यांसंबंधी दिलेला एक निकाल जितक्या गांभीर्याने चर्चिला जावयास हवा होता, तितक्या गांभीर्याने चर्चिला गेला नाही. इराणहून आलेल्या प्रवाशांकडील एक किलोच्या आसपास वजनाचे दागिने मुंबईच्या विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी जप्त केले होते. प्रवाशांनी या कारवाईविरुद्ध कायद्याने दिलेल्या मार्गाने दाद मागितली. तिचा निकाल लागण्यापूर्वीच खात्याने दागिन्यांची विल्हेवाट लावून टाकली. प्रकरण उच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा परत देण्यास खात्याकडे सोनेच शिल्लक नव्हते. न्यायालयाने ही विल्हेवाट बेकायदा ठरवली आणि तेवढेच सोने परत करावे, नाही तर त्याची आजच्या बाजारभावाने होणारी किंमत द्यावी, असा आदेश दिला.

या आदेशातील ‘आजच्या बाजारभावाने’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. सरकारी खात्याने चुकीने विकलेल्या मालाबद्दल मालकाला काही तरी द्यावयास हवे, याविषयी आता फारसा वाद उरलेला नाही. वाद आहे तो ‘किती’ या प्रश्नाचा. अशा प्रकरणांत खात्याची भूमिका बहुधा ठरलेली असते: माल विकला, इतके पैसे आले, ते घेऊन जा. वरवर पाहता ही भूमिका प्रामाणिकपणाची वाटते, कारण खात्याने त्यातला एक पैसाही ठेवून घेतलेला नसतो. परंतु ज्याला आपला माल विकायचाच नव्हता, त्याच्यावर लिलावात आलेली किंमत कोणत्या न्यायाने बंधनकारक व्हावी, या प्रश्नाला त्या भूमिकेत उत्तर नाही.

हा विषय समजून घ्यावयाचा तर आधी दोन शब्दांतील भेद ध्यानी घ्यावा लागेल. बोलीभाषेत आपण ‘जप्ती’ हा एकच शब्द वापरतो. १९६२ च्या सीमाशुल्क अधिनियमात मात्र दोन निराळ्या गोष्टी आहेत. माल सरकारजमा होण्यास पात्र आहे असे मानण्यास अधिकाऱ्याला सबळ कारण असले, की कलम ११० खाली तो माल ताब्यात घेतो. ही जप्ती होय. ती एक अटकाव आहे. तिने मालकी बदलत नाही. पुढे सहा महिन्यांच्या आत मालकाला कारणे दाखवा नोटीस द्यावी लागते. ही मुदत आणखी सहा महिने वाढवता येते. तेवढ्यातही नोटीस न निघाल्यास माल परत करावा लागतो. मालकाचे म्हणणे ऐकल्यानंतर अधिकाऱ्याने आदेश दिला, तरच माल सरकारजमा होतो आणि कलम १२६ प्रमाणे केंद्र सरकारच्या मालकीचा बनतो. त्यातही अनेक प्रकारच्या मालाच्या बाबतीत, दंड भरून माल सोडवून नेण्याची मुभा मालकाला द्यावीच लागते. या आदेशाविरुद्ध साठ दिवसांत वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अपील, त्यानंतर अपिलीय न्यायाधिकरण, आणि तेथून पुढे न्यायालये, असा हा प्रवास आहे.

हा प्रवास वर्षानुवर्षे चालतो, हे सांगावयास नको. तेवढ्या काळात माल वखारीत पडून राहतो आणि खात्याची अडचण येथे सुरू होते. वखारी अपुऱ्या असतात. औषधांची मुदत संपते, खाद्यपदार्थ कुजतात, बॅटऱ्या निकामी होतात, आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंना तर दोन वर्षांत कोणी विचारीत नाही. गोदीतील जागेचे भाडे दिवसागणिक चढत राहते ते वेगळेच. म्हणून १९८५ च्या अखेरीस कायद्यात दुरुस्ती होऊन नाशवंत, घातक किंवा झपाट्याने किंमत उतरणारा जो माल सरकार अधिसूचनेने ठरवील, तो निर्णयापूर्वीच विकण्याची सोय झाली. त्यासाठी अधिकाऱ्याने मालाची तपशीलवार यादी करावयाची, ती मॅजिस्ट्रेटकडून प्रमाणित करून घ्यावयाची, छायाचित्रे व नमुने घ्यावयाचे आणि मगच मालाला हात लावावयाचा, अशी पद्धत घालून दिलेली आहे. विक्री कशी करावी हे कलम १५० सांगते: मालकाला नोटीस देऊन, जाहीर लिलावाने किंवा निविदा मागवून. आलेल्या पैशांतून विक्रीचा खर्च, जहाजभाडे, शुल्क व वखारीचे देणे वजा जाता जे उरेल ते मालकाचे. ही तरतूद समंजस आहे. तिच्यामागे व्यवहार आहे आणि मालकाचे हितही आहे, कारण कुजलेली खजूर परत मिळण्यापेक्षा तिचे पैसे मिळालेले बरे.

ही पद्धत बाजूला सारली जाते तेव्हा मात्र अन्याय सुरू होतो. नोटीस निघतच नाही, किंवा निघते ती जुन्या पत्त्यावर. अपिलाची मुदत संपलेली नसताना माल लिलावाच्या यादीत चढतो. अपील दाखल असते, पण ते एका विभागात. वखार असते दुसऱ्या विभागाच्या हाती. या हाताचे त्या हाताला कळत नाही आणि मध्यंतरी कोणी तरी तीन वार म्हणून मोकळा होतो. आता लिलाव संगणकावर होतात. परंतु बोली संगणकावर आली म्हणून अपिलाची फाइल आपण होऊन वखारीपर्यंत चालत येत नाही. मालकाला नोटीस दिल्याशिवाय माल विकू नये, अशा सूचना खुद्द केंद्रीय मंडळाने आपल्या परिपत्रकांतून दिलेल्या आहेत. त्या द्याव्या लागल्या, यावरूनच प्रत्यक्षात काय घडत असावे याची कल्पना येते.

यात नुकसान होते ते केवळ वस्तूचे नव्हे. अपील करण्याचा हक्क कायद्याने दिलेला असतो तो माल परत मिळण्याची शक्यता जिवंत राहावी म्हणून. मालच विकला गेला की अपिलाचे फक्त कागद उरतात. अपिलात जिंकलेल्या माणसाच्या हाती एक आदेश येतो, तो आदेश घेऊन तो वखारीच्या दारात जातो, आणि तेथे त्याला सांगण्यात येते की तुमचा माल अमुक तारखेला अमुक रकमेस गेला.

सरकारला अशा वेळी जबाबदार धरता येते की नाही, यावर आपल्याकडे शंभर वर्षांहून अधिक काळ वाद झाला. त्याचा उगम एका घोड्यापाशी आहे. कलकत्त्यात खिदिरपूरच्या सरकारी गोदीतून एका जहाज कंपनीची घोडागाडी जात असता मजुरांच्या हातून लोखंडाचा भला मोठा तुकडा पडला, घोडा बुजला आणि जखमी झाला. कंपनीने साडेतीनशे रुपयांची भरपाई मागितली. १८६१ साली मुख्य न्यायमूर्ती सर बार्न्स पीकॉक यांनी ती मान्य केली. पण मान्य करताना एक भेद करून ठेवला. सरकार जे काम एखाद्या व्यापाऱ्यासारखे करते, त्यातील चुकीबद्दल ते जबाबदार; जे केवळ राजसत्ता म्हणूनच करता येते, त्याबद्दल नाही. घोड्याला न्याय मिळाला, पण त्या निकालातील या एका वाक्याच्या ओझ्याखाली पुढील काळात कितीतरी माणसे दबली.

त्यांतले सर्वांत बोलके उदाहरण मेरठचे. १९४७ च्या सप्टेंबरात, फाळणीच्या धामधुमीत, अमृतसरहून आलेल्या एका सराफाला मेरठच्या पोलिसांनी संशयावरून पकडले आणि त्याच्याजवळचे शंभर तोळ्यांहून अधिक सोने व चांदी ताब्यात घेतली. सराफ सुटला, चांदी परत मिळाली; सोने मात्र ठाण्याच्या मालखान्यातून तेथील हवालदारानेच लांबवले आणि तो पाकिस्तानात निघून गेला. सराफाने राज्य सरकारवर दावा केला. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी १९६४ साली तो फेटाळला. संशयिताला पकडणे व त्याचा माल ताब्यात घेणे ही राजसत्तेची कामे, सबब त्यांतील निष्काळजीपणाबद्दल सरकार देणे लागत नाही, असा निर्णय झाला. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर साताऱ्यात जन्मलेले, मुंबईच्या न्यायपरंपरेत वाढलेले आणि कामगार कायद्यात दुर्बळांची बाजू जाणणारे न्यायाधीश. हा निष्कर्ष समाधानकारक नाही, याची जाणीव त्यांनी निकालातच स्पष्ट शब्दांत नोंदवली आणि संसदेने कायदा करून ही स्थिती बदलावी असे सुचवले. कायद्याचा अर्थ जसा दिसतो तसाच सांगावयाचा आणि तो न पटल्याचेही सांगावयाचे, हा सचोटीचा नमुना होय. त्या सराफाला मात्र त्याचा उपयोग नव्हता.

तीन वर्षांनी, १९६७ साली, सीमाशुल्काच्याच एका प्रकरणात याच न्यायालयाने निराळी वाट धरली. जुनागढ संस्थानच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी एका माणसाचे दोन ट्रक, एक स्टेशन वॅगन आणि इतर माल जप्त केला होता. आयातशुल्क भरलेले नाही आणि गाड्या चोरट्या व्यापारासाठी वापरल्या, असा आरोप होता. मालकाने अपील केले. ते चालू असताना गाड्या उघड्यावर, कोणाचीही निगा नसलेल्या अवस्थेत पडून राहिल्या. पुढे पोलिसांनी मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करून त्या बेवारशी माल म्हणून विकण्याचा हुकूम मिळवला. ज्या गाड्यांसाठी मालक सरकारशीच भांडत होता, त्या गाड्या सरकारच्याच दप्तरी बेवारशी ठरल्या! नंतर महसूल न्यायाधिकरणाने जप्तीचा आदेश रद्द करून गाड्या परत देण्यास सांगितले. तोवर जुनागढ सौराष्ट्रात गेले होते, सौराष्ट्र द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि १९६० साली गुजरात झाला. दावा सर्वोच्च न्यायालयात पोहोचला तो गुजरात राज्याविरुद्ध.

राज्याचा युक्तिवाद दुहेरी होता. माल सांभाळण्याचा कोणताही करार आम्ही केलेला नव्हता, आणि विक्री तर न्यायालयाच्या हुकुमाने झाली. न्यायमूर्ती शेलत यांनी दोन्ही मुद्दे खोडून काढले. दुसऱ्याचा माल सांभाळण्याची जबाबदारी करारानेच निर्माण होते असे नाही. जप्तीचा आदेश अपिलात उलटू शकतो, हे कायद्यालाच अभिप्रेत असल्यामुळे, तो उलटला तर माल जसाच्या तसा परत देता यावा इतकी काळजी घेण्याचे कर्तव्य सरकारवर आपोआप येते. ठेव सांभाळणाऱ्याचे जे कर्तव्य, तेच सरकारचे. मॅजिस्ट्रेटचा हुकूमही ढाल होऊ शकत नाही, कारण माल बेवारशी नसताना तसे भासवून तो मिळवलेला होता. हे मान्य केले नाही, तर सरकारने जप्त माल कुजू द्यावा, चोरीस जाऊ द्यावा आणि मालकाने मुकाट बसावे, असा अर्थ होईल, हे निकालाचे मर्म आहे.

मेरठ आणि जुनागढ, हे दोन निकाल पुढे अनेक वर्षे कायद्याच्या पुस्तकांत शेजारी शेजारी नांदले. ज्याला जो सोयीचा, त्याने तो वाचला. १९९४ साली आंध्र प्रदेशातील एका खतविक्रेत्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न बराचसा निकालात काढला. त्याचे खत १९७५ साली जीवनावश्यक वस्तूंच्या कायद्याखाली जप्त झाले, वेळेवर विकलेही गेले नाही आणि सांभाळलेही गेले नाही. बराचसा माल परत देण्याचा हुकूम झाला, तेव्हा तो वापरण्याजोगा उरला नव्हता. न्यायालयाने भरपाई मंजूर केली. राजा चूक करूच शकत नाही ही कल्पना प्रजासत्ताकात शोभत नाही आणि कायद्याखाली माल जप्त करणारा अधिकारी निष्काळजी राहिला तर सरकारने भरपाई दिली पाहिजे, असे न्यायमूर्ती सहाय यांच्या निकालाने सांगितले.

म्हणजे जबाबदारीचा प्रश्न सुटला. किमतीचा मात्र तसा सुटलेला नाही, आणि मालकाच्या पदरात प्रत्यक्ष काय पडते हे त्याच्यावर अवलंबून असते.

लिलावाची किंमत मालाच्या खऱ्या किमतीपेक्षा कमी का येते, हे समजण्यास अर्थशास्त्राची पदवी नको. घेणारा माल नीट तपासू शकत नाही, हमी कोणी देत नाही, सुटे भाग व कागदपत्रे मिळतील याची शाश्वती नसते, आणि सगळा ढीग एका वेळी उचलावा लागतो. नेहमीचे बोलीदार एकमेकांना ओळखत असतात. जप्त केलेली घड्याळे व कापड सहकारी ग्राहक भांडारांतून विकले जात असे, तेव्हा तेथे उडणारी झुंबड जुन्या वाचकांना आठवत असेल. लोक गर्दी करीत ते माल स्वस्त मिळतो म्हणूनच. घेणाऱ्याला जे स्वस्त पडले, ते कोणाला तरी महाग पडलेले असते. माल खरोखरच चोरटा असेल तर त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. पण ज्याचा माल पुढे निर्दोष ठरला, त्याला हीच स्वस्ताई ‘तुझी भरपाई’ म्हणून देणे हा उफराटा न्याय होय. कलम १५० मधील ‘उरलेले पैसे मालकाचे’ हा नियम कायदेशीर विक्रीसाठी आहे. बेकायदा विक्री करणाऱ्याने त्याच नियमाचा आसरा घेतला, तर कायदा पाळणे आणि मोडणे यांत फरक तो काय राहिला?

लिलावाची किंमत बाजूला ठेवली, तरी बाजारभाव कोणत्या दिवसाचा, हा प्रश्न उरतोच. जप्तीच्या दिवसाचा, विक्रीच्या दिवसाचा, की निकालाच्या दिवसाचा? वस्तू पाहून याचे उत्तर बदलते. सोन्याचेच घ्या. २०१८ साली दहा ग्रॅम सोन्याचा भाव तीस हजार रुपयांच्या थोडा वर होता. २०२३ साली तो साठ हजारांच्या आसपास होता. २०१८ साली जप्त झालेल्या सोन्याची किंमत तीस हजार धरली आणि त्यावर पाच वर्षांचे सहा टक्के सरळ व्याज दिले, तरी हाती येतात एकोणचाळीस हजार. तेवढ्यात त्याला सात ग्रॅम सोनेही घेता येणार नाही. म्हणून सोन्याच्या बाबतीत निकालाच्या दिवसाचा भाव हाच न्याय्य. उलट एखाद्या आयातदाराचे २०१८ सालचे संगणक असतील, तर निकालाच्या दिवशी ते भंगाराच्या भावाचे. तेथे जप्तीच्या दिवसाची किंमत अधिक व्याज, हाच हिशेब योग्य. नियम एकच: माल योग्य वेळी परत मिळाला असता तर मालक आज ज्या स्थितीत असता, त्या स्थितीच्या शक्य तितके जवळ त्याला नेऊन ठेवणे. कोणती तारीख घेतल्याने सरकारला कमी पडते, हा प्रश्न तेथे अप्रस्तुत आहे.

अर्थात यात मालकाचाही मोह आवरावा लागतो. माल कायदेशीर मार्गाने सोडवताना त्याला जे शुल्क भरावेच लागले असते, ते भरपाईतून वजा होणे रास्त आहे. अपिलात माल बिनशर्त सुटला नसून दंडावर सुटला असेल, तर तो दंडही वजा व्हावा. भरपाई म्हणजे लॉटरी नव्हे. कल्पित नफ्याचे मनोरे रचून लाखोंच्या मागण्या करणारे दावेदारही न्यायालये पाहतात, आणि त्यांच्यामुळेच खऱ्या दाव्यांकडे संशयाने पाहण्याची सवय जडते.

याहून अवघड गोष्ट पुराव्याची. माल गेला म्हणजे मालाविषयीचा उत्तम पुरावाही गेला. राहतो तो पंचनामा, आणि तो असतो खात्याने लिहिलेला. ‘पिवळ्या धातूचे दागिने’, ‘वापरलेली यंत्रे’, ‘मिश्र कापड’ असल्या मोघम शब्दांवरून दर्जा कोणी आणि कसा ठरवावयाचा? इंग्लंडातील १७२२ सालचा एक खटला या ठिकाणी स्मरणीय आहे. धुराडी साफ करणाऱ्या एका पोराला खडा बसवलेला एक दागिना सापडला. तो त्याने सोनाराकडे दाखवावयास नेला. दुकानातील उमेदवाराने वजन करण्याच्या मिषाने खडे काढून घेतले आणि पोराच्या हाती रिकामे कोंदण ठेवले. खडा गेलेला, त्याची किंमत ठरणार कशी? न्यायाधीशांनी ज्यूरीला सांगितले, सोनार खडा हजर करीत नाही, तेव्हा त्या कोंदणात बसणारा उत्तमातला उत्तम खडा होता असे धरून चाला. जो पुरावा नाहीसा करतो त्याच्या विरुद्ध अनुमान काढावे, हे तत्त्व आपल्या पुरावा कायद्यातही १८७२ पासून होते आणि २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. एका फाटक्या पोरासाठी सोनाराविरुद्ध जे तत्त्व लावले गेले, ते बलाढ्य खात्याविरुद्ध लावण्यास न्यायालयांनी कचरू नये.

भरपाईची रक्कम वरच्या न्यायालयाने कितपत तपासावी, हा वादही येथेच येतो. सर्वसाधारण दंडक असा की, खालच्या न्यायालयाने ठरवलेला आकडा थोडा कमी वा जास्त वाटतो एवढ्यावरून वरच्या न्यायालयाने तो बदलू नये. हिशेबाचे तत्त्वच चुकले असेल किंवा आकडा अगदीच अवास्तव असेल, तरच हात घालावा. हा दंडक शहाणपणाचा आहे. पण तो लागू करताना लिलावाच्या रकमेला भरपाई मानणे ही आकड्याची चूक आहे की तत्त्वाची, हे निश्चित केले पाहिजे. ती निःसंशय तत्त्वाची आहे. हिशेब करणाऱ्याने मोजले बरोबर, पण भलतीच वस्तू मोजली. मालकाचे किती गेले हे मोजावयाचे असता त्याने सरकारकडे किती आले हे मोजले. अशा ठिकाणी ‘रकमेच्या तपशिलात आम्ही पडत नाही’ असे म्हणून वरच्या न्यायालयाने बाजूला होणे बरे नव्हे.

दुसरी अडचण दाद मागण्याच्या मार्गाची आहे. रिट अर्जात उच्च न्यायालय झटपट दाद देऊ शकते. परंतु किमतीविषयी तंटा असला, साक्षीपुरावे घ्यावे लागणार असले, तर दिवाणी दावा करा असे सांगण्याची प्रथा आहे. आणि दिवाणी दाव्याच्या वाटेवर सीमाशुल्क कायद्याचे कलम १५५ उभे असते. सद्भावनेने केलेल्या कृत्याला त्यात संरक्षण आहे. दाव्याव्यतिरिक्त इतर कोणतीही कार्यवाही करावयाची तर एक महिन्याची पूर्वसूचना आणि तीन महिन्यांची मुदत, असे अडसरही त्यात आहेत. अधिकाऱ्याला सद्भावनेचे संरक्षण असावेच. नाही तर किनाऱ्यावर रात्री-अपरात्री मचवे अडवणारा माणूस पुढच्या खेपेस डोळे मिटून घेईल. पण अधिकारी निर्दोष होता, म्हणून नुकसान मालकाने सोसावे, हे त्यातून निष्पन्न होत नाही. अधिकाऱ्याला वाचवावयाचे असेल तर खजिन्याने पैसे द्यावेत.

खजिना म्हणजे तुमचाआमचाच पैसा, तो असल्या भरपायांत का घालवावा, असे कोणी विचारील. त्याला एवढेच उत्तर पुरे की, माल बेकायदा विकून आलेली रक्कमही त्याच खजिन्यात गेली होती. आणि तस्कराचा कळवळा कशाला, असे जो विचारतो, त्याने हे पाहावे की, हा सारा प्रश्न ज्याचा माल परत देण्यास पात्र ठरला, किंवा ज्याचे अपील अजून ऐकलेच गेलेले नाही, त्याच्यापुरताच आहे. राज्यघटनेच्या ४४ व्या दुरुस्तीने १९७८ साली मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला खरा, परंतु कायद्याच्या आधाराखेरीज कोणाही व्यक्तीची मालमत्ता हिरावून घेता येणार नाही, हे अनुच्छेद ३०० अ मध्ये राखून ठेवले. तेथे ‘नागरिक’ हा शब्द नाही, ‘व्यक्ती’ हा आहे. म्हणूनच इराणी प्रवाशांनाही त्याचा आधार मिळाला.

ही अडचण केवळ आपलीच आहे असे नाही. अमेरिकेने १९४६ साली सरकारवर दावा करण्याचा हक्क दिला, पण सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी अडकवून ठेवलेल्या मालाचे दावे त्यातून वगळले. एका संग्राहकाच्या जप्त झालेल्या कलावस्तू परत मिळाल्या त्या मोडक्यातोडक्या. १९८४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्याला दारातूनच परत पाठवले. पुढे २००० साली तेथील काँग्रेसने कायदा बदलून अशा जप्त मालाच्या नुकसानीपुरती ती वाट काही अटींवर उघडली. न्यायालयाने दाखवलेली उणीव तेथील विधिमंडळाने सोळा वर्षांनी का होईना, भरून काढली.

आपल्याकडे तसे झाले नाही. विधी आयोगाचा पहिलाच अहवाल, १९५६ सालचा, सरकारच्या अशा जबाबदारीवर होता. गजेंद्रगडकरांच्या निकालानंतर १९६५ साली विधेयक आले, १९६७ साली पुन्हा आले, संयुक्त समितीकडे गेले आणि लोकसभा विसर्जित होताच बारगळले. सर्वंकष कायदा व्हावा तेव्हा होवो; सीमाशुल्कापुरता उपाय त्यासाठी अडून राहण्याचे कारण नाही, कारण त्याचा नमुना आपल्याच कायद्यांत आहे. जीवनावश्यक वस्तू अधिनियमाचे कलम ६ क असे सांगते की, सरकारजमा करण्याचा आदेश रद्द झाला आणि माल परत देणे शक्य नसले, तर तो माल जणू सरकारलाच विकला होता असे समजून मालकाला त्याची किंमत द्यावी, आणि जप्तीच्या दिवसापासून वाजवी व्याजही द्यावे. लिलावात काय आले याचा तेथे उल्लेखही नाही. गहू, तेल व खत यांच्या मालकाला संसदेने जे संरक्षण दिले, तसे सीमाशुल्क अधिनियमाच्या कलम १२६ ला जोडून एका पोटकलमाने देता येईल. फक्त तेथे ‘सरकारला विकल्याची किंमत’ न म्हणता ‘जप्तीच्या किंवा भरपाईच्या दिवसाचा बाजारभाव, यांपैकी जो अधिक असेल तो’ असे म्हणावे लागेल, देय शुल्क व दंड वजा करण्याची तरतूद ठेवावी लागेल, आणि अपिलाची मुदत संपल्याचा किंवा अपिलाचा निकाल लागल्याचा दाखला फाइलवर असल्याखेरीज, नाशवंत मालाचा अपवाद सोडून, वखारीतील कोणताही माल लिलावाच्या यादीत घेऊ नये, हे परिपत्रकातून उचलून कायद्यात घालावे लागेल.